धागा : मुंबईतलं प्रोबेट आणि वारसांचे व्यवहार, 2025 च्या बदलानंतर

काळबादेवी

मृत्युपत्र, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा निर्वाळा), वारसनोंद यांची उत्तरं इथे दहा ठिकाणी विखुरली आहेत आणि त्यातली बरीचशी आता जुनी झाली आहेत. म्हणून हा वेगळा धागा.

आधी मोठा बदल. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 मधलं कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये वगळलं. हिंदू, बौद्ध, शीख, जैन किंवा पारशी व्यक्तीचं मृत्युपत्र मुंबईत झालेलं असेल किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेबद्दल असेल, तर प्रोबेट घेतल्याशिवाय त्या मृत्युपत्रावर कोर्टात हक्क सांगता येत नव्हता, तो या कलमामुळे. ही अट मुख्यतः मुंबई, कोलकाता आणि चेन्नई हायकोर्टांच्या मूळ दिवाणी हद्दीपुरती होती. मुलुंडच्या फ्लॅटला प्रोबेट लागायचं, पण ठाण्यातच केलेल्या मृत्युपत्रातल्या ठाण्याच्या फ्लॅटला लागायचं नाही. दहिसर आत, मीरा रोड बाहेर.

सक्ती गेली आहे, प्रोबेट गेलेलं नाही. आजही अर्ज करता येतो आणि आधी केलेले अर्ज आपोआप रद्द होत नाहीत. मृत्युपत्र सिद्ध करण्याचे नियमही तेच आहेत : दोन साक्षीदार, आणि वाद झाला तर त्यांच्यापैकी निदान एकाची साक्ष. ‘आता प्रोबेटची गरजच नाही’ हे फॉरवर्ड वाचून मूळ मृत्युपत्र कपाटात ठेवून देऊ नका. हे मृत्युपत्र उद्या कोण नाकारू शकेल, हे आधी बघा. नाकारणारं कोणी नसेल तर प्रोबेटशिवाय निभेल. एक जरी वारस नाराज असेल, तर साक्षीदार हयात आहेत तोवर प्रोबेट घ्या. उशीर झाला की सगळ्यात आधी साक्षीदारच हातचे जातात.

कमिटी_मेंबर

सोसायटीच्या बाजूने लिहितो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातलं कलम 154ब-13 सभासदाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणाचं आहे. मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा हक्कदार वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, यांपैकी कशाच्याही आधारे संस्था हस्तांतरण करू शकते. नॉमिनी असेल तर त्याला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, आणि हे तात्पुरतेपण खऱ्या हक्कदारांची नोंद होईपर्यंत.

बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. संस्थेने त्याच्याशी व्यवहार करायचा, पण मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच सांगितलं. आईने थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं होतं, एवढ्यावर धाकट्या मुलीचा हिस्सा जात नाही.

नॉमिनेशन नसेल तर संस्थेने हरकती मागवायच्या : नोटीस बोर्डावर सूचना आणि निदान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात. त्यानंतर वारसाचा अर्ज, इतरांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं आणि नुकसानभरपाईचं हमीपत्र. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरण फी 500 रुपये, प्रवेश फी 100 रुपये. वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावावर फ्लॅट होताना प्रीमियम (हस्तांतरणासाठी संस्था घेते ती जादा रक्कम) लागत नाही. कमिटी मागत असेल तर मागणी लेखी मागा आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा.

प्रोबेटचं म्हणाल तर, वारसांत वाद नसताना संस्थेने आता त्यावर अडून बसण्याचं कारण मला दिसत नाही.

निळी_शाई

कमिटी_मेंबर, सोसायटीपुरतं तुमचं बरोबर आहे, पण सोसायटी हा काही शेवटचा दरवाजा नाही. फ्लॅट विकायला काढला की खरेदीदाराचा वकील आणि त्याला कर्ज देणारी बँक सगळी मालकी-साखळी बघतात. शेअर सर्टिफिकेटच्या मागे नाव चढलं याने त्यांचं समाधान होत नाही. प्रोबेट नसेल तर ते सगळ्या वारसांच्या सह्या मागतील. तिघे भाऊ आज गोडीगुलाबीत आहेत म्हणून सोडून दिलं आणि पाच वर्षांनी विक्रीच्या वेळी त्यांच्यापैकी एक वारला, तर त्याची बायको-मुलं या सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

प्रोबेटचं बळ इथे आहे. मृत्युपत्र खरं आहे हे ते सगळ्या जगापुरतं ठरवतं, आणि त्याचा परिणाम मृत्यूच्या तारखेपासून धरला जातो. मालमत्तेवर मालकी कोणाची होती, हा प्रश्न मात्र प्रोबेट कोर्ट ठरवत नाही. मृत्युपत्रात न-विभागलेल्या वडिलोपार्जित जमिनीचा पूर्ण तुकडा लिहून ठेवला असेल, तरी देता येतो तो स्वतःचा हिस्साच.

अर्जनवीस

आता प्रत्यक्ष अर्ज. बृहन्मुंबईसाठी हायकोर्टाचा टेस्टामेंटरी (मृत्युपत्रविषयक) विभाग. सिटी सिव्हिल कोर्टाकडे हे अधिकार नाहीत.

मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) नेमलेला असेल तर तो प्रोबेट मागतो. नेमलेला नसेल, वारला असेल किंवा त्याने नकार दिला असेल, तर लाभार्थी मालमत्तेचा कारभार बघण्याचा कोर्टाचा अधिकार, म्हणजे ‘मृत्युपत्र जोडलेलं लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ मागतो. मृत्यूनंतर प्रोबेट मिळायला किमान 7 दिवस आणि लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला 14 दिवस जावे लागतात, पण मुंबईत ही मर्यादा व्यवहारात आडवी येत नाही, कारण कागद जमवण्यातच त्याहून जास्त वेळ जातो. दुसऱ्या टोकाची मर्यादा लक्षात ठेवा : मृत्यूनंतर 3 वर्षांनी पहिल्यांदा अर्ज करत असाल तर उशिराचं कारण अर्जातच सांगावं लागतं.

सोबत लागतं ते असं : मूळ मृत्युपत्र, मृत्यू दाखला, सगळ्या कायदेशीर वारसांची नावं-वयं-पत्ते-नाती, मालमत्तेचं शेड्यूल, देणी आणि अंत्यविधीच्या खर्चाचं शेड्यूल, एक्झिक्युटरची शपथ आणि एका तरी साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. वारसांनी संमतीची प्रतिज्ञापत्रं दिली तर त्यांच्यावर सायटेशन (हरकत असेल तर सांगा, अशी कोर्टाची नोटीस) बजावण्याची पायरी वाचते. संमती न देणाऱ्याला सायटेशन जातं, आणि ते मिळाल्यापासून 14 दिवसांत त्याला कॅव्हेट (लेखी हरकत) दाखल करता येतं. कॅव्हेटनंतर 8 दिवसांत त्याच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र आलं की अर्जाचा दावा होतो. मग पुरावे, उलटतपासणी, सगळं आलं आणि हिशेब वर्षांचा होतो.

कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर चढत जाते, पण महाराष्ट्रात ती 75,000 रुपयांवर थांबते. मुंबईतला कुठलाही फ्लॅट धरला की ती मर्यादा गाठलीच. त्यामुळे फी वाचवायला फ्लॅटची किंमत कमी दाखवण्यात काही अर्थ नाही. नंतर मात्र तीच किंमत अडचण करते.

साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र हा सगळ्यात जास्त चुकणारा कागद. ‘या मृत्युपत्रावर माझी सही आहे’ एवढंच लिहिलं तर पुरत नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यादेखत सही केली (किंवा ही सही माझी आहे असं मला सांगितलं) आणि त्यानंतर मी त्याच्यादेखत सही केली, ही दोन्ही वाक्यं त्यात हवीत. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असायलाच हवेत असं नाही, पण दोघांच्या बाबतीत हे घडलेलं हवं.

मुलुंडकर_शुभा

अर्जनवीस, फार नेमकं लिहिलंत, धन्यवाद. दोन प्रश्न. साक्षीदार दोघेही वारले असतील तर? आणि ज्याला मालमत्ता दिली आहे त्यानेच साक्ष केली असेल तर?

अर्जनवीस

दोघेही नसतील तर निदान एका साक्षीदाराची सही आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. साक्षीदाराचा मुलगा, त्याच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलेला सहकारी, असं कोणी. सोबत जुन्या सह्या हव्यात : पासबुकावरची, पासपोर्टवरची, सोसायटीच्या रजिस्टरमधली. साक्षीदारांचे मृत्यू दाखले जोडा.

दुसऱ्या प्रश्नात धर्माप्रमाणे फरक पडतो. साक्षीदाराला दिलेलं दान रद्द ठरवणारं कलम 67 हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांच्या मृत्युपत्रांना लागू नाही. पारशी आणि ख्रिश्चनांना ते लागू आहे, आणि त्यात साक्षीदाराच्या नवऱ्याला किंवा बायकोला दिलेलंही बाद होतं. हिंदूंमध्ये दान वाचलं तरी संशय मात्र राहतो. ज्याला मोठा वाटा मिळतो त्यानेच मृत्युपत्र करून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर संशय दूर करण्याचं ओझं त्याच्यावर येतं. 1959 च्या वेंकटचला अय्यंगार निकालापासून कोर्टं हेच धरून आहेत.

दप्तरी

मूळ कागद हाताळण्याबद्दल कोणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. हे साधं वाटतं, पण इथे झालेलं नुकसान भरून येत नाही.

मृत्युपत्र सापडलं की ते लॅमिनेट करू नका. शाईचा दाब आणि कागदाचा पोत तपासता येईनासा होतो. झेरॉक्स नीट यावी म्हणून स्टेपल काढू नका. पिनेची भोकं दोन जागी दिसली की एखादं पान बदललं असेल अशी शंका काढायला समोरच्याला जागा मिळते. पानं पिनेसकट उलटून फोनवर फोटो घ्या. समासात पेन्सिलनेही काही लिहू नका, ‘अस्सल’ असा शिक्काही मारू नका. आहे त्या पाकिटासकट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ते कुठे, कोणासमोर सापडलं याची तारखेसकट वेगळ्या कागदावर नोंद करा. मजकुरात खाडाखोड असेल तर तिथे मृत्युपत्र करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही आहे का ते बघा. नसेल तर त्या बदलाला किंमत नाही, मूळ मजकूर वाचता येत असेल तर तोच धरला जातो.

मृत्युपत्र नोंदणीकृत असेल आणि घरची प्रत मिळत नसेल, तर मृत्यू दाखला दाखवून दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. नोंदणी नसली तरी मृत्युपत्र वैध असतं, स्टॅम्प तर लागतच नाही. उलट नोंदणी आहे म्हणून साक्षीदारांची गरज संपते, असंही नाही.

आणि नावं! मृत्यू दाखल्यावर एक, शेअर सर्टिफिकेटवर दुसरं, बँकेत माहेरच्या आडनावाचं तिसरं. आपल्याकडे बायकांच्या कागदांत हे हमखास असतं. अर्जाच्या शीर्षकातच सगळी नावं ‘उर्फ’ लावून घाला. एक राहिलं तर प्रोबेट हातात असूनही ती एक बँक पैसे देणार नाही, आणि दुरुस्तीसाठी परत कोर्टात जावं लागेल.

मुलुंडकर_शुभा

मृत्युपत्रच नसेल तर?

काळबादेवी

शुभा, मग वारसा कायदा लागतो. हिंदू पुरुष गेला तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे वर्ग 1 चे वारस : मुलगे, मुली, पत्नी आणि आई. आईला लोक हमखास विसरतात. पन्नाशीतला मुलगा गेला, मागे बायको आणि दोन मुलं, आणि आई हयात असेल, तर चार समान हिस्से होतात. सुनेने आणि नातवंडांनी आपसात केलेला दस्त आईच्या सहीशिवाय लंगडा राहतो. पुढे ती गेली की तिचा हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींकडे जातो. दिवंगताच्या बहिणी इथूनच मालमत्तेत येतात, आणि तो त्यांचा हक्कच असतो. विवाहित स्त्री गेली तर आधी मुलगे, मुली आणि नवरा.

कोणी आपला हिस्सा सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. साध्या किंवा नोटरी केलेल्या कागदावर सोसायटीने नाव चढवलं तरी हिस्सा सुटत नाही. आणि ते मोबदल्याशिवाय आहे की पैसे घेऊन, हे दस्तात खरं लिहा, कारण मुद्रांक शुल्क त्यावर ठरतं.

भाऊ किंवा बहीण परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करून पाठवायचं. महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ही मुदत अनेकांच्या हातून निसटते. ‘सर्व अधिकार’ एवढं मोघम लिहू नका. कुठला फ्लॅट, कोणाच्या नावे हक्कसोड, नोंदणीला हजर राहून कबुली देण्याचा अधिकार, हे सगळं स्पष्ट हवं.

पासबुक

बँकांचं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे निर्देश काढले आणि ते लागू करायला बँकांना 31 मार्च 2026 पर्यंत मुदत दिली. नॉमिनी किंवा ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी हयात असेल त्याला पैसे) अशी सोय नसलेल्या खात्यांसाठी सोपी पद्धत : व्यापारी बँकांत 15 लाखांपर्यंत, सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंत. वारसांत वाद नसला पाहिजे. आपल्याकडे बरेच ज्येष्ठ नागरिक सहकारी बँकांत ठेवी ठेवतात, त्यामुळे हा 5 लाखांचा आकडा जास्त महत्त्वाचा. सगळे कागद दिल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली निघायला हवा. त्यानंतर ठेवींवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या वर 4 टक्के व्याज आणि लॉकरसाठी दिवसाला 5,000 रुपये भरपाई. म्हणून कागद दिल्याची पोच तारीख-शिक्क्यासह घ्या. तिच्याशिवाय 15 दिवस कधी सुरू झाले हेच सांगता येत नाही.

रक्कम मर्यादेपेक्षा जास्त असेल आणि मृत्युपत्रही नसेल, तर उत्तराधिकार प्रमाणपत्र. ते फक्त येणी, ठेवी आणि रोख्यांसाठी असतं. फ्लॅटसाठी त्याचा उपयोग नाही असं कोर्टाच्या दृष्टीने म्हणता येईल, पण सोसायटी वर दिलेल्या कलम 154ब-13 प्रमाणे ते बघते.

एटीएम कार्ड आणि पिन माहीत आहे म्हणून मृत्यूनंतर खात्यातून पैसे काढू नका. अंत्यविधीच्या खर्चासाठी काढले तरी पुढे हिशेब द्यावा लागतो, आणि घरातला विश्वास त्या एका स्टेटमेंटवर तुटतो.

भागधारक

कागदी शेअर्स सापडले तर आधी कंपनीचं आजचं नाव शोधा, विलीनीकरणं झालेली असतात. सलग 7 वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर्स आयईपीएफकडे (सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे) गेलेले असू शकतात. मग आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे वारसाचा हक्क मान्य करून घ्यायचा आणि त्यानंतर आयईपीएफ-5 अर्ज. मृत्युपत्र असेल तर प्रोबेटच्या शेड्यूलमध्ये हे शेअर्स फोलिओ क्रमांकासकट घाला.

गिरगाव_चाळ

पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेहक्काच्या, खोल्यांबद्दल कोणीच बोललं नाही! दक्षिण मुंबईत कितीतरी घरांचा प्रश्न हाच आहे.

काळबादेवी

बरोबर. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. वसंत प्रताप पंडित प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1994 मध्ये हे स्पष्ट केलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 7(15)(ड) प्रमाणे राहत्या जागेचा भाडेहक्क मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. तसं कोणी नसेल तर वारसाकडे. एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. म्हणजे वडिलांनी मृत्युपत्रात खोली पुण्याच्या मुलाला लिहिली तरी शेवटपर्यंत सोबत राहिलेल्या मुलीचा दावा भक्कम. इथे कामाला येतं ते रेशनकार्ड, मतदार यादी, आधारवरचा पत्ता, गॅसचं पुस्तक. भाडेपावती नव्या नावाने मागण्याचा अर्ज घरमालकाला स्पीड पोस्टाने लगेच पाठवा आणि भाडं थकवू नका. घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेल्या पावत्या जपून ठेवा.

इमारत पुनर्विकासाला निघाली असेल तर हे काम आधी. पात्रता यादीत मयताचं नाव राहिलं की पुढे प्रत्येक सहीला अडतं.

फेरफार

गावच्या जमिनीचं थोडक्यात. सातबाऱ्यावर वारसनोंदीची वर्दी तलाठ्याकडे (आताचा ग्राम महसूल अधिकारी) 3 महिन्यांत द्यायची असते. ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून अर्ज मुंबईत बसून करता येतो. सातबाऱ्यावर नाव लागणं ही महसुली नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. पण नाव नसेल तर पीककर्ज, मोजणी, विक्री सगळं अडतं. मुलींची नावं गाळून वर्दी देऊ नका. 2005 च्या दुरुस्तीने आणि 2020 च्या विनीता शर्मा निकालाने तो प्रश्न मिटलेला आहे.

मुलुंडकर_शुभा

शेवटचं विचारते. प्रोबेट मिळालं, आता एक्झिक्युटरने वाटून टाकायचं आणि संपलं?

अर्जनवीस

नाही शुभाताई, आधी देणी. अंत्यविधीचा आणि आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा खर्च, मग इतर कर्जं, आणि उरेल त्यातून मृत्युपत्राप्रमाणे वाटप. घाईने वाटप केलं आणि मागून पैसे मागणारा घेणेकरी आला तर एक्झिक्युटर स्वतः अडकतो. म्हणूनच कायद्याने त्याला मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटप थांबवण्याची मुभा दिली आहे. वारसांचं देणं मात्र मिळालेल्या मालमत्तेपुरतंच, स्वतःच्या खिशातून नाही. क्रेडिट कार्डच्या वसुलीवाल्यांना हे एकदा लेखी कळवा.

प्रोबेट मिळाल्यापासून 6 महिन्यांत मालमत्तेची यादी आणि 1 वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. पुष्कळ जण हे करतच नाहीत. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा : तारीख, रक्कम, कोणाला, पावती क्रमांक. सगळे पैसे एकाच वेगळ्या खात्यातून फिरवा, स्वतःच्या खात्यात मिसळू नका.

प्राप्तिकराची दोन विवरणपत्रं वेगळी : मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं कायदेशीर प्रतिनिधी म्हणून पोर्टलवर नोंद करून, आणि त्यानंतर वाटप होईपर्यंतच्या भाडं-व्याजाचं एक्झिक्युटर म्हणून. वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेवर कर नाही, पण विकताना भांडवली नफा मोजायला मूळ मालकाची खरेदी किंमत लागते. 1 एप्रिल 2001 च्या आधीचं घर असेल तर त्या तारखेची बाजारकिंमत धरता येते, आणि त्यासाठी मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. पॅन सगळ्यात शेवटी परत करायचा, परतावा जमा झाल्यावर.

गाडी असेल तर आरटीओला 30 दिवसांत कळवा आणि मालकी बदलाचा नमुना 31 तीन महिन्यांच्या आत भरा. विजेचं आणि गॅसचं बिल नंतर केलं तरी चालेल.